विश्लेषण : मुलांसोबतच्या थीम पार्क सहलीचा आराखडा आखला कोणी? पहाटे पेपर टाकणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांची गोष्ट

शाळांना सुट्टी लागली की भिवंडीतल्या अनेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. वडिलांना यंत्रमागाच्या पाळीतून किंवा गोदामातल्या कामातून मिळणारी सुट्टी एका दिवसाची. मुले दोन, त्यातले धाकटे अजून कडेवर. जवळ जायचे तर तालुक्यातच नाशिक महामार्गालगत शांग्रिला वॉटर पार्क आहे, ठाण्यात टिकुजिनीवाडी आहे. मोठा बेत असेल तर मुंब्रा बायपास, शिळफाटा, पनवेल अशी कंटेनरच्या रांगांतून वाट काढत खोपोलीजवळचे इमॅजिका गाठायचे. तिकिटाला किती लागतील? धाकट्याला कशात बसू देतील? जेवणाचे काय? भर दुपारी मूल पेंगले तर टेकायचे कुठे?

हे प्रश्न सुमारे ७५ वर्षांपूर्वी अमेरिकेत दोन मुलींच्या एका बापालाही पडले होते. त्याने शोधलेल्या उत्तरांतून डिस्नेलँड उभे राहिले आणि पुढे जगभरची थीम पार्क त्याच धर्तीवर बांधली गेली. मिकी माउसचे जनक म्हणून वॉल्ट डिस्ने सगळ्यांना माहीत असतात. पण कुटुंबाच्या एका दिवसाच्या सहलीचा इतका बारीक विचार त्यांनी का केला, हे समजायचे तर त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

डिस्ने यांचे बालपण कसे गेले?

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. पाच भावंडांत ते चौथे. वडील इलायस हे सुतार. १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या भव्य जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली होती. १९०६ मध्ये हे कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलीन या छोट्या गावी शेती करायला गेले. तिथली चार-पाच वर्षे हा वॉल्ट यांच्या बालपणातला एकमेव निवांत काळ. गावातून सांता फे रेल्वेची गाडी जायची आणि त्यांचे एक नातेवाईक त्या मार्गावर इंजिन चालवायचे. रेल्वेचे वेड तिथेच लागले, ते शेवटपर्यंत सुटले नाही.

शेती तोट्यात गेली. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आले आणि वडिलांनी वर्तमानपत्र वाटपाची एक लाइन विकत घेतली. पेपर टाकायचे काम वॉल्ट आणि त्यांचा मोठा भाऊ रॉय यांच्या गळ्यात पडले. पहाटे साडेतीनला उठायचे, सकाळचा पेपर टाकायचा, मग शाळा, शाळेनंतर संध्याकाळचा पेपर. हे जवळपास सहा वर्षे चालले. वडील या कामाचे पैसे मुलांना देत नसत. कॅन्सस सिटीत हिवाळ्यात गुडघाभर बर्फ साचते, आणि पेपर ग्राहकाच्या दारापर्यंतच गेला पाहिजे, असा वडिलांचा दंडक होता.

त्या काळातली एक आठवण डिस्ने पुढे सांगत असत. खाऊनपिऊन सुखी घरांच्या ओसरीवर मुलांनी रात्री खेळणी तशीच टाकलेली असायची. अंधारात पेपर टाकायला आलेला हा मुलगा तिथे थांबायचा, त्या खेळण्यांशी थोडा वेळ खेळायचा, ती जशीच्या तशी जागेवर ठेवायचा आणि पुढच्या घराकडे निघायचा.

त्याच शहरात इलेक्ट्रिक पार्क नावाचे करमणुकीचे उद्यान होते. हजारो दिव्यांची रोषणाई, रात्री आतषबाजी. डिस्नेलँडमध्ये पुढे रोज रात्री होऊ लागलेल्या आतषबाजीचे मूळ अनेक चरित्रकार याच पार्कात शोधतात.

चित्रपटांतून पैसा आला, मग अडचण काय होती?

चित्रपटांचा भाग बहुतेकांना माहीत असल्याने थोडक्यात. १९१८ मध्ये वय खोटे सांगून ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात शिरले, पण फ्रान्सला पोहोचेपर्यंत पहिले महायुद्ध संपले होते. परत येऊन कॅन्सस सिटीत काढलेली कार्टून कंपनी १९२३ मध्ये बुडाली. त्याच वर्षी हॉलिवूड गाठून रॉय यांच्यासोबत स्टुडिओ सुरू केला. १९२५ मध्ये स्टुडिओत काम करणाऱ्या लिलियन यांच्याशी लग्न झाले. ओसवाल्ड नावाचा ससा लोकप्रिय झाला, पण त्याचे हक्क वितरकाकडे होते आणि १९२८ मध्ये तो हातचा गेला. त्यातून मिकी जन्माला आला. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ने त्यांना जगभर नाव दिले.

सगळे गोडच होते असे नाही. १९३८ मध्ये मुलांनी आईवडिलांसाठी घेतलेल्या नव्या घरात भट्टीतून गळलेल्या वायूने आई फ्लोरा यांचा मृत्यू झाला. त्याबद्दल डिस्ने सहसा कधी बोलत नसत. १९४१ मध्ये त्यांच्याच चित्रकारांनी पगार आणि युनियनच्या प्रश्नावर संप पुकारला. डिस्ने यांनी तो मनाला लावून घेतला आणि १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना कामगार नेत्यांवर कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. कामगारांच्या शहरात बसून त्यांचे चरित्र वाचताना हा भाग वगळून चालणार नाही. स्वतः लहानपणी बिनपगारी राबलेल्या माणसाला आपल्याच कामगारांची बाजू समजून घेता आली नाही.

डिस्नेलँडची कल्पना कुठे सुचली?

डायेन आणि शेरॉन या डिस्ने यांच्या दोन मुली. डायेन १९३३ ची, तर १९३६ च्या अखेरीस जन्मलेल्या शेरॉन यांना दत्तक घेतलेले. शनिवार हा मुलींचा दिवस. त्या दिवशी ते दोघींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या घोड्यांच्या चक्रावर घेऊन जायचे. मुली फेऱ्या मारायच्या आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खायचा.

त्या बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आले की इथे मुलांसाठी सोय आहे, पण आईबापांनी करायचे काय? त्या काळातल्या करमणूक उद्यानांची अवस्थाही बरी नव्हती. कचरा, रंग उडालेले घोडे, उद्धट कामगार, दारू पिऊन फिरणारे लोक. आपण पार्क काढणार असल्याचे डिस्ने यांनी घरी सांगितले, तेव्हा लिलियन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. असल्या घाणेरड्या धंद्यात कशाला पडायचे, असा त्यांचा सवाल होता. आपले पार्क तसे नसेल, हाच तर मुद्दा आहे, अशी डिस्ने यांची भूमिका होती.

१९४८ च्या उन्हाळ्यात ते शिकागोत रेल्वेचा मोठा मेळा पाहून आले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर त्यांनी एक टिपण लिहिले. त्यात गावाचा चौक, रेल्वे स्थानक आणि आईबापांना व आजीआजोबांना बसायला निवांत जागा असा आराखडा होता. नंतर त्यांनी घराच्या आवारातच माणसे बसून फिरतील अशी छोटी वाफेची गाडी सुरू केली. लिलियन यांची फुलझाडे वाचावीत म्हणून खालून बोगदा खणला. १९५१ मध्ये कोपनहेगनचे टिवोली उद्यान पाहिले. तिथली स्वच्छता, दिवे आणि सहकुटुंब आलेली माणसे पाहून पार्क कसे असावे याचे चित्र त्यांच्या डोक्यात पक्के झाले.

पैसा कुठून उभा केला?

आधीचा बेत स्टुडिओसमोरच्या सुमारे १६ एकर जागेवरचा होता. बरबँक नगरपालिकेने १९५२ मध्ये त्याला नकार दिला. गावात जत्रेसारखी गर्दी नको, असे तिथल्या नगरसेवकांचे म्हणणे होते. रॉय आणि बँकांनाही ही कल्पना धोक्याची वाटत होती. मग डिस्ने यांनी स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढले, पाम स्प्रिंग्ज इथले सुट्टीचे घर विकले आणि आराखडे करण्यासाठी वेगळी कंपनी काढली. कुटुंबांसाठी सुट्टीची जागा उभी करायला त्यांनी स्वतःच्या कुटुंबाचे सुट्टीचे घर विकले होते.

जागा निवडताना मात्र आकडेमोड केली. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला १९५३ मध्ये अभ्यास करायला सांगितले. लोकसंख्या कुठे वाढते आहे, नवा महामार्ग कुठून जाणार, पाऊस-ऊन कसे, यावरून संस्थेने ॲनाहाइम गावाजवळची संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन सुचवली. घरून निघालेले कुटुंब गाडीने किती वेळात पोहोचेल, हा प्रश्न पार्क कागदावर असतानाच विचारला गेला होता.

सप्टेंबर १९५३ मध्ये एका शनिवार-रविवारी डिस्ने यांनी हर्ब रायमन या चित्रकाराला शेजारी बसवले. आपण बोलत राहिले आणि रायमन यांनी पार्कचा मोठा नकाशा चितारला. तो घेऊन रॉय न्यूयॉर्कला गेले. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले आणि ४५ लाख डॉलरच्या कर्जाची हमी घेतली. बदल्यात डिस्ने यांनी दर आठवड्याला कार्यक्रम द्यायचा होता. म्हणजे ज्या पार्कची विटही रचून झाली नव्हती, ते ऑक्टोबर १९५४ पासून घराघरांतल्या पडद्यावर दिसू लागले. आई-बाबांकडे जाऊन हट्ट धरणारी मुले तिथेच तयार झाली!

पहिल्या दिवशी काय घडले?

जुलै १९५४ मध्ये काम सुरू झाले आणि बरोबर एक वर्ष एक दिवसाने, १७ जुलै १९५५ रोजी, उद्घाटन. खर्च सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. आणि पहिला दिवस? अक्षरशः फजिती.

कार्यक्रम फक्त निमंत्रितांसाठी होता, पण बनावट पासांचा सुळसुळाट झाला आणि सुमारे २८ हजार लोक आत शिरले. कुंपणाला शिडी लावून कुणीतरी पैसे घेऊन माणसे आत सोडत होते, असेही सांगितले जाते. उन्हाचा पारा ३८ अंशांच्या आसपास. आदल्या रात्री टाकलेले डांबर वितळले आणि बायकांच्या टाचांच्या चपला त्यात रुतल्या. खाणे संपले. काही राइड बंद पडल्या. एका भागात गॅसगळती झाल्याने तो काही काळ बंद ठेवावा लागला. हे सगळे चालू असताना दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण सुरू होते आणि सूत्रसंचालकांपैकी एक होते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन.

सर्वांत मोठी ओरड पाण्याची झाली. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे, यापैकी एकच काम वेळेत पुरे होण्यासारखे होते. डिस्ने यांनी स्वच्छतागृहे निवडली. वर्तमानपत्रांनी टीका केली की थंड पेयांच्या बाटल्या खपाव्यात म्हणून नळ कोरडे ठेवले. पण लहान मूल घेऊन दिवसभर बाहेर फिरलेल्या कुणालाही विचारा, या निवडीमागचा विचार लगेच पटेल. पाणी विकत मिळते. चार वर्षांच्या पोराला ‘लागली’ की दुसरा पर्याय नसतो.

दुसऱ्या दिवसापासून पार्क सर्वांसाठी खुले झाले. पहिल्या वर्षभरात सुमारे ३६ लाख लोक येऊन गेले.

तिकीट किती होते?

मोठ्यांना प्रवेश १ डॉलर, मुलांना अर्धा. तेव्हाच्या दराने डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता. आतल्या प्रत्येक राइडचे पैसे मात्र वेगळे, १० ते ३५ सेंट. दर वेळी पाकीट काढावे लागते, ही तक्रार वाढल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकिटांचे पुस्तक आले. राइडची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली, पुढे ती ई पर्यंत गेली. साध्या राइडला ए, सर्वांत थरारक राइडला ई. या पद्धतीत लहान मूल असलेल्या घराला आपल्या उपयोगाच्या राइडपुरता खर्च करता येत असे.

डिस्नेलँडने ही पुस्तके १९८२ मध्ये बंद केली आणि एकाच तिकिटात सारे काही ही पद्धत आली. आज आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही बहुतांशी तसेच चालते. सोय झाली हे खरे, पण हिशेब बदलला. ज्याच्या उंचीमुळे निम्म्या राइड बंद आहेत, त्या मुलासाठीही दिवसभराचे तिकीट पडते. त्याच्याजवळ थांबणाऱ्या आई किंवा वडिलांचेही तेच. म्हणजे ग्रिफिथ पार्कातला तो बाक पूर्ण सुटलेला नाही. फक्त आता त्यावर बसायला पूर्ण तिकीट लागते.

डिस्ने स्वतः पार्कात काय करायचे?

पार्कच्या मुख्य रस्त्यावर अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांनी स्वतःसाठी छोटे घर ठेवले होते. ते अनेकदा तिथे राहायचे, गर्दीत फिरायचे, लोकांसोबत रांगेत उभे राहायचे. जंगलातल्या बोटीची फेरी एकदा त्यांनी स्वतः केली. ती सात मिनिटांची असायला हवी होती, नावाड्याने साडेचार मिनिटांतच उरकली. डिस्ने भडकले. पुढे काही दिवस नावाड्यांची तालीम घड्याळ लावून घेण्यात आली. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या मुलाला अडीच मिनिटे कमी मिळणे त्यांना मान्य नव्हते.

आराखड्यातही अशा खुबी आहेत. संपूर्ण पार्कला एकच प्रवेशद्वार, कारण चुकलेले मूल बाहेर पडण्याच्या वाटा कमी असाव्यात आणि सगळ्यांची भेटण्याची जागा एक असावी. भोवती मातीचा उंच बांध, म्हणजे बाहेरचे विजेचे खांब आणि रस्ता दिसू नये. बांधावरून फिरणारी तीन फुटी रुळांची रेल्वे, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा एक फूट रुंद. मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे, त्यामुळे त्या उंच भासतात, पण मुलाला अंगावर आल्यासारख्या वाटत नाहीत. चक्रावरचा प्रत्येक घोडा उडी मारणाराच हवा, असाही त्यांचा आग्रह होता. मग आवडता घोडा न मिळाल्याने होणारे भांडण मिटते.

मोठ्या मुलांसाठी १९५९ मध्ये मॅटरहॉर्न ही राइड आली. लाकडी रुळांऐवजी पोलादी नळ्यांचे रूळ वापरणारी ती पहिली रोलर कोस्टर. नळी हव्या त्या वळणात वाकवता येते आणि गाडी कमी हादरते. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या आजच्या पोलादी कोस्टर त्याच वाटेने पुढे आलेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र हुकली होती. पार्क उघडले तेव्हा डायेन २१ वर्षांच्या होत्या, लग्न होऊन आई झालेल्या. शेरॉन १८ वर्षांच्या. ज्या शनिवारांसाठी हा सारा खटाटोप मनात आला, ते शनिवार केव्हाच संपले होते. चक्रावर बसायला आता नातवंडे आली.

अखेरची वर्षे कशी होती?

डिस्नेलँडच्या कुंपणाबाहेर बघता बघता हॉटेले आणि झगमगते फलक उभे राहिले. बाहेरून आलेल्या कुटुंबाच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे जाऊ लागला आणि बकालपणा डिस्ने यांना खुपू लागला. म्हणून पुढच्या पार्कसाठी त्यांनी फ्लोरिडात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप २७ हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. भाव चढू नयेत म्हणून ही गुप्तता. नोव्हेंबर १९६५ मध्ये ती योजना जाहीर झाली. एका दिवसाच्या सहलीचे आठवड्याच्या मुक्कामात रूपांतर इथून सुरू झाले. घरखर्चाच्या दृष्टीने हा बदल किती मोठा ठरला, ते ऑर्लँडोला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला ठाऊक आहे.

डिस्ने आयुष्यभर सिगारेट ओढत. १९६६ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला आणि १५ डिसेंबर रोजी, पासष्टी पूर्ण होऊन दहा दिवस झाले असताना, स्टुडिओसमोरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री छताकडे बोट दाखवत ते फ्लोरिडाचा नकाशा समजावून सांगत होते, असे रॉय यांनी नंतर सांगितले. निवृत्तीच्या वयातल्या रॉय यांनी ते काम अंगावर घेतले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी ते पार्क उघडले आणि नावात भावाचे पूर्ण नाव आवर्जून घातले. अडीच-तीन महिन्यांत तेही गेले. कॅन्सस सिटीत पहाटे पेपर टाकायला निघणाऱ्या दोन भावांपैकी आता कुणी उरले नव्हते.

भिवंडीतून बेत आखताना याचा उपयोग काय?

डिस्नेचे पार्क भारतात नाही. आपल्याकडे १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर सुरू झाले, १९८९ मध्ये गोराईत एस्सेलवर्ल्ड, २०१३ मध्ये इमॅजिका. यातली पहिली दोन बंद पडली आहेत. तेव्हा आधी पार्क चालू आहे का, त्या दिवशी कोणत्या राइड दुरुस्तीला आहेत, हे पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच पैसे भरावेत.

तिकीट काढण्यापूर्वी टेप घेऊन मुलांची उंची मोजावी, बूट काढून. प्रवेशाचा दर आणि राइडची परवानगी बहुतेक ठिकाणी वयावर नाही तर उंचीवर ठरते, आणि गेटवर मापाच्या पट्टीशी हुज्जत घालून उपयोग होत नाही. धाकट्याला चालतील अशा राइड किती, ते मोजूनच मोठे पार्क की तालुक्यातले वॉटर पार्क हे ठरवावे. बाहेरचे खाणे बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत, पण तान्ह्याच्या दुधा-पेजेबाबत आधी फोन करून विचारता येते. मोठ्याला थरारक राइडवर न्यायचे असेल तर आई-बाबांपैकी एकाने धाकट्यापाशी थांबायचे आणि मग अदलाबदल करायची. डिस्नेच्या पार्कांत त्यासाठी रांगेत पुन्हा उभे राहावे लागू नये अशी अधिकृत सोय आहे. आपल्याकडे राइडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला विनंती करून पाहायला हरकत नाही. खोपोलीला जायचे ठरले तर उजाडायच्या आत भिवंडी सोडलेली बरी. शिळफाट्याला अवजड वाहने दाटली की मुलांची पहिली रांग तिथेच लागते.